आटण्यासाठी बांधलेलं तळं

पाझर तलाव पाहायला लोक श्रावणात येतात. सांडव्यावरून पाणी कोसळत असतं, पलीकडच्या काठाला बगळे उतरलेले असतात आणि बांधावर उभं राहून फोटो काढले जातात. मला विचाराल तर तो मार्चच्या अखेरीस पाहावा. तळाशी भेगाळलेला गाळ, मध्ये एखादं डबकं, त्यात बसलेल्या म्हशी. बांधाच्या आतल्या उतारावरच्या दगडांवर पाणी टप्प्याटप्प्यानं कसं उतरत गेलं, त्याच्या पांढुरक्या रेघा. पाहुणा हळहळतो. एवढी माती टाकली, एवढा पैसा घातला आणि शेवटी कोरडंच! पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात ही हळहळ आता पाहुण्यांपुरती राहिलेली नाही. गावातली तरुण मुलंही तळ्याकडे हात करून ‘फुटकं आहे ते’ म्हणतात.

ते फुटकं नाही, आटण्यासाठीच बांधलं आहे. पाटबंधाऱ्याच्या तलावात पाणी साठवतात आणि कालव्यानं शेतात नेतात. पाझर तलावाला कालवाच नसतो. त्याचं सगळं काम तळातून चालतं. पावसाळ्यात ओढ्याला येणारं पाणी तीन-चार महिने अडवून धरायचं, त्याला खाली उतरायला सवड द्यायची आणि बांधाच्या खालच्या अंगाला एक-दीड किलोमीटरपर्यंतच्या विहिरींकडे ते जमिनीखालून जाऊ द्यायचं. उन्हाळ्यापर्यंत तळ्यात जे उरतं ते सूर्याच्या वाट्याला जातं. दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्याची वर्षाकाठी दीड-दोन मीटर वाफ होते, आणि आमच्याकडच्या कित्येक तळ्यांची खोली मुळात तीन-चार मीटरच असते. म्हणून जाणकार सांगतात, की चांगला पाझर तलाव फेब्रुवारीपर्यंत रिकामा व्हावा. ज्या तळ्यात मे महिन्यातही निळंशार पाणी दिसतं, त्या तळ्याचा तळ गाळानं बुजला असण्याची शंका आधी घ्यावी.

हे सगळं खडकाशी बांधलेलं आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग लाव्हारसाच्या थरांनी झाकलेला आहे. एक थर थिजला, त्यावर दुसरा आला, मध्ये कुठे लाल मातीचा पातळ पट्टा राहिला. या काळ्या पाषाणाच्या अंगात पाणी धरायला जवळजवळ जागा नाही. जागा आहे ती वरच्या कुजलेल्या खडकात, म्हणजे मुरमात, आणि त्याखालच्या फटींमध्ये. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर गाळ आणि वाळू आहे, तिथली जमीन वर्षानुवर्षांचं पाणी पोटात ठेवते. आमची जमीन एका पावसाळ्याचं पाणी जेमतेम पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवते, तेही उपसा बेतानं केला तर. त्यामुळे आमच्याकडे पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा चार-दोन जोरदार सरींत. सर आली की ओढा तासाभरात दुथडी भरतो आणि रात्रीतून उतरतो. गावाच्या हाती येतो तो तेवढा एक तास. मातीचा बांध त्या तासाचे महिने करतो.

आमचा बांध बहात्तरच्या दुष्काळातला. १९७२ चा पाऊस गेला, त्याच्या आधीची दोन वर्षंही ओढगस्तीची होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावंच्या गावं कामावर आली. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या आधी तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली होती. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळातली कामं म्हणजे खडी फोडणं, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव. त्यातल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी नुसतेच पडून राहिले. तलाव मात्र राहिले आणि कामाला आले.

माझी आत्या तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती, नवी सासुरवाशीण. सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकाच बांधावर होती. आमच्या घरात बांधाबद्दल कुणाला काही विचारायचं झालं तर तिलाच विचारतात. ती आधी खाण्याबद्दल सांगते. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी, त्या घशाखाली कशा उतरायच्या नाहीत ते. मग मुकादमाबद्दल, हजेरीपटावर अंगठा उठवण्याबद्दल, डोक्यावरच्या चुंबळीबद्दल. आणि मग मातीबद्दल. हे सांगायला लागली की तिचा आवाज बदलतो.

‘‘काळी माती मधी आन् मुरूम दोन अंगाला,’’ ती म्हणते. ‘‘मधल्या मातीत खडा दिसला तरी सायेब वरडायचा. आमी येचून काढायचो. येक थर वीतभर टाकायचा, त्याच्यावर पानी मारायचं, आन् मंग धुमसानं चोपायचं. मूठभर घिऊन दाबून बघायची. गोळा झाला पायजे, पर हाताला चिकाटला न्हाई पायजे. चिकाटली म्हंजी पानी जास्ती झालं.’’

पुढे मी एका निवृत्त अभियंत्याला याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलेलं आणि आत्यानं सांगितलेलं यात फारसा फरक नव्हता. मातीच्या धरणाला गाभा लागतो, काळ्या चिकणमातीचा, पाणी अडवणारा. त्याला दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच लागतं, कारण चिकणमाती एकटी उभी राहत नाही. भिजली की घसरते, वाळली की भेगाळते. मातीत ओलावा कमी राहिला तर कण एकमेकांत बसत नाहीत, जास्त झाला तर मध्ये पाणीच अडून राहतं. प्रयोगशाळेत ज्या आकड्यासाठी नमुने तपासतात, तो आत्याच्या मुठीत होता. आधीचा थर वाळून गेला असेल तर तो खरवडून, ओला करूनच त्यावर पुढचा टाकायचा, हेही तिला पाठ होतं. नाहीतर दोन थरांच्या मध्ये पाण्याला वाट राहते. सबंध बांध असा वीत-वीत करत वर गेला. पाण्याकडच्या बाजूला लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून दगडांचं अस्तर, पलीकडच्या पायथ्याशी दगडांची रास. बांधाच्या अंगातून झिरपलेलं पाणी त्या राशीतून बाहेर पडावं, पण सोबत माती नेऊ नये, यासाठी ती असते. माथा मध्यभागी जरा उंच ठेवलेला, कारण माती वर्षानुवर्षं खाली बसत राहते आणि सगळ्यात जास्त तिथेच बसते जिथे ती सगळ्यात जास्त टाकलेली असते.

मातीकाम पिढ्यान् पिढ्या वडार समाजाच्या हातात होतं. गाढवांवरून माती वाहणारी, तळी खोदणारी, बांध घालणारी ही माणसं गावोगाव फिरत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या तलावांचा एकेक थर त्यांनी टाकलेला आहे आणि त्यातल्या एकाही तलावावर त्यांचं नाव सापडत नाही. दुष्काळानं शेतकऱ्यांच्या, बलुतेदारांच्या बायका-माणसांना त्यांच्या शेजारी उभं केलं आणि घमेली एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेली. आत्या सांगते, की माती कुठली चांगली हे मुकादमापेक्षा एका वडार म्हातारीला जास्त कळायचं. ती चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि वाळू आहे की नाही ते सांगायची. गावाच्या इतिहासात अशा माणसांना एक पान मिळायला हवं.

पाझर तलावात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची एक अडचण. बांधानं पाणी धरायचं आहे आणि तळानं सोडायचं आहे. दोन्ही कामं एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी. साठवणीच्या तलावाला बांधाखाली चर खणतात, तो घट्ट खडकाला लागेपर्यंत खोल नेतात आणि काळ्या मातीनं भरतात, म्हणजे पाणी खालून निसटत नाही. पाझर तलावात हाच चर मुद्दाम उथळ ठेवतात. पाण्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यापर्यंत खोल गेला की पुरे. बांधाच्या बुडाशी माती वाहून जाऊ नये एवढाच त्याचा हेतू. त्याखालून पाण्यानं जावं अशीच इच्छा असते. पण किती खोल पुरे, हे प्रत्येक ओढ्याच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. चर फार खोल गेला तर खालच्या विहिरी कोरड्या राहतात. नीट भरला गेला नाही तर पाणी आठवड्यात पळून जातं आणि जाताना बांधाची माती घेऊन जातं. जागा निवडतानाही असंच. तळाला काळी चिकण जमीन असेल तर पाणी मुरत नाही, नुसता वाळू-गोटा असेल तर थांबत नाही. वर मुरूम आणि खाली फटीचा खडक असलेली जागा शोधावी लागते, आणि तिच्या खालच्या अंगाला विहिरी आणि जमीन असावी लागते.

पारनेरच्याच राळेगणसिद्धीची गोष्ट यासाठी मोलाची आहे. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा गावात पाझर तलाव आधीच बांधलेला होता, पण त्यात पाणी टिकत नव्हतं. गावानं श्रमदान करून त्याचा बांध दुरुस्त केला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात खालच्या सात विहिरींना पाणी राहिलं. लोक राळेगणबद्दल बोलतात तेव्हा दारूबंदी, आंदोलनं, उपोषणं यांबद्दल बोलतात. मला त्या दुरुस्तीबद्दल ऐकायला जास्त आवडलं असतं. नवं बांधण्याआधी असलेलं नीट करणं ही गोष्ट आपल्याकडे फार कमी वेळा घडते. भूमिपूजनाला नारळ फुटतो. उंदराचं बीळ बुजवण्याचा समारंभ होत नाही.

आणि मातीचं धरण मरतं ते बहुधा अशा बिळांनीच. पाण्याकडच्या बाजूनं एक छिद्र, पलीकडून एक छिद्र, आत कुठेतरी दोघांची गाठ पडते. मग पाणी स्वतःच आपली वाट रुंद करत जातं. घुशी आणि साळिंदरं बांध पोखरतात, खेकडे पोखरतात. बांधावर उगवलेली वेडी बाभूळ जिवंत असेपर्यंत तेवढी धोक्याची वाटत नाही. ती मेली की तिची मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात. आमच्या गावात पूर्वी पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी काठी घेऊन बांधाच्या खालच्या पायथ्यानं चालत जायचे. नेमणूक कुणी केलेली नव्हती, पगार नव्हता. त्यांची विहीर बांधाखाली होती, एवढंच. ते काय बघतात असं विचारलं तर सांगायचे, ‘‘पाझरतंय ते सोच्छ हाय का गढूळ.’’ स्वच्छ पाणी येत असेल तर बांध आपलं काम करतो आहे. गढूळ येत असेल तर आतली माती निघाली आहे आणि वेळ थोडा आहे. अशा वेळी घाबरून त्या छिद्रावर चिखल थापायचा नसतो. चिखलानं पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड असे थर रचायचे, म्हणजे पाण्याला वाट मिळते पण मातीला मिळत नाही. हे ज्ञान त्या गृहस्थांबरोबर गेलं, असं मला वाटायचं. सुदैवानं आत्याच्या मुलाला, आमच्या दादाला, ते माहीत आहे.

दुसरं मरण सांडव्यावरून येतं. मातीच्या बांधावरून पाणी कधीही वाहून जाता कामा नये. दगडी धरणावरून थोडं पाणी उसळून गेलं तर ते टिकू शकतं, मातीचं धरण काही तासांत कापलं जातं. म्हणून बांधाच्या एका टोकाला, टणक जमिनीत, सांडवा खणतात, आणि पूर आला तरी पाणी माथ्याच्या बरंच खाली राहील एवढी मोकळी उंची सोडतात. पाण्याची हाव सुटलेली माणसं नेमकी तीच उंची खातात. सांडव्याच्या तोंडाशी दगड रचायचे, वाळूची पोती लावायची, म्हणजे आणखी हातभर पाणी साठतं. मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावणारे लावतात, आणि पुरात वाहून आलेला पालापाचोळा त्या जाळीत अडकला की सांडवा बंद होतो. हातभर पाण्यासाठी सगळं तळं पणाला लागतं, आणि तळ्याखालची घरंही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, छोटंसं धरण. खालची वस्ती झोपेच्या तयारीत होती. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं मंत्रिपातळीवरून सांगितलं गेलं आणि त्यावर राज्यभर संताप उसळला. तो संताप योग्य होता. खेकडा मातीत बीळ करतो हे खोटं नाही, पण ते बीळ करतो म्हणूनच तर बांधावर दरवर्षी माणूस फिरायला हवा, आणि गळती दिसली असं गावानं सांगितल्यावर कुणीतरी त्याच आठवड्यात यायला हवं. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं तेही मातीचंच धरण होतं, पण ते मोठं, आणि पुण्याच्या डोक्यावरचं. त्याची आठवण शहरानं जपली. लहान धरणांची आठवण त्यांच्या खालच्या वाड्यांनाच राहते.

आता मालकीचं. पाझर तलावाचा फायदा तळ्यात दिसत नाही, तो दुसऱ्याच्या विहिरीत दिसतो. ज्याची जमीन बुडाली त्याला पाणी मिळत नाही. ज्याला पाणी मिळतं त्यानं बांधावर एक घमेलंही टाकलेलं नसेल. विहिरीला पाणी आलं की माणूस म्हणतो, माझ्या विहिरीला झरा लागला. तो झरा कुठून आला याची पावती कुणी फाडत नाही. म्हणून तळ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि पाण्यावर मात्र सगळ्यांचं असतं. पाझर तलावातून थेट मोटर लावून पाणी उचलायचं नाही असा दंडक आहे. तो किती गावांत पाळला जातो हे तळ्याच्या काठाला पडलेल्या पाइपांकडे पाहून कुणीही सांगावं. ज्यानं तळ्यात मोटर टाकली त्यानं पाणी मुरण्याआधीच उचललं, म्हणजे खालच्या सगळ्या विहिरींचा वाटा एकट्यानं घेतला. त्याला तसं वाटत नाही. त्याच्या दृष्टीनं पाणी समोर पडलं आहे आणि नाहीतरी आटणारच आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिला, तेव्हा त्यांनी सरकारला सुचवलेल्या उपायांत डोंगरउतारावर आणि ओढ्यांवर जागोजाग बंधारे घालण्याचा उपाय होता. पावसाचं पाणी आधी शेतांत मुरावं आणि मगच नदीनाल्याला मिळावं, अशी त्यामागची दृष्टी. त्याचा फायदा विहिरींना होईल हेही त्यांना दिसत होतं. हा माणूस स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत असे, दगडमातीचा हिशेब त्याला ठाऊक होता. पाणी जिथं पडतं तिथंच मुरवा, हे आज सरकारी फलकांवर छापलं जातं. फुल्यांनी ते शेतकऱ्याच्या कर्जाबरोबर, त्याच्या शिक्षणाबरोबर एकाच पुस्तकात मांडलं, कारण त्यांना ते वेगळे विषय वाटतच नव्हते.

पाणी कुणाचं या प्रश्नाला सरळ भिडलेला माणूस म्हणजे विलासराव साळुंखे. पेशानं अभियंता आणि उद्योजक. बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात माणसं खडी फोडताना त्यांनी पाहिली आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन करारानं घेऊन तिथं उताराचं पाणी अडवून दाखवलं. त्यांचं खरं काम मात्र त्यापुढचं, पाणी पंचायतीच्या नियमांचं. पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं, माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा वाटा लाभार्थ्यांनी आधी भरायचा. यातला प्रत्येक नियम बागायतदाराला टोचणारा आहे, आणि म्हणूनच पाणी पंचायत पुरंदरच्या काही गावांपलीकडे फार पसरली नाही. मला ती महाराष्ट्रातल्या पाण्याच्या विचारातली सर्वांत मोठी झेप वाटते. मोठी धरणं बांधणाऱ्या राज्यात एका माणसानं उभं राहून भूमिहीनाच्या वाट्याचं पाणी मोजलं, याला तोड नाही.

हिवरे बाजारनं दुसऱ्या बाजूनं तेच साधलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढच्या काळात गावानं समतल चर खणले, बांध घातले, झाडं वाढवली. असं पुष्कळ गावांनी केलं. हिवरे बाजारनं त्याच्या जोडीला शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, ऊस-केळी नको म्हटलं, आणि दरवर्षी पाऊस संपला की गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. यंदा किती पडला, प्यायला किती, जनावरांना किती, मग रब्बीत काय पेरायचं. पाऊस कमी झाला त्या वर्षी गावानं कमी पाण्याचं पीक घेतलं. बांधामुळे हिवरे बाजार झालं असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हा ताळेबंद दाखवतो.

कारण आमच्याकडे बांध आहे आणि ताळेबंद नाही. आमचा भाग कांद्याचा. कांद्याला भाव आला की सगळ्या शिवारात कांदा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्या मोटरी एका वेळी चालू. बांधाखालच्या विहिरी खोल गेल्या, मग आडवी बोअरं मारली, मग उभी. गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी आली. शेततळ्यानं शिवारात पडणारं पावसाचं पाणी धरावं ही मूळ कल्पना चांगलीच आहे. पण आमच्याकडची बरीचशी शेततळी विहिरीतून आणि बोअरमधून भरली जातात. जमिनीखाली, सावलीत, सगळ्यांचं म्हणून असलेलं पाणी विजेवर वर काढायचं, उघड्यावर एकाच्या नावे साठवायचं आणि त्यातलं उन्हाला द्यायचं. ज्या घरांनी बहात्तरला सुकडी खाऊन बांध घातला, त्याच घरांची नातवंडं हे करताहेत, आणि त्यांना दोष देतानाही मला जड जातं. कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे. फळबाग एकदा लावली की तिला एप्रिलमध्ये पाणी नाही म्हणून सांगता येत नाही.

२०१७ मध्ये सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हा आमच्या तळ्यातला गाळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर निघाला. हलक्या जमिनींवर तो पसरला आणि मुरमाड वावरांत ज्वारी कमरेच्या वर गेली. पाझर तलावाला तर गाळ काढण्याचा दुहेरी लाभ; तळाची छिद्रं मोकळी होतात. फक्त जेसीबीवाल्याला बांधाच्या अगदी पायथ्यापर्यंत येऊ द्यायचं नसतं. चांगला गाळ तिथंच जास्त साठलेला असतो, आणि बांधाचा आधारही तिथंच असतो. त्या वर्षी दादा दोन दिवस तिथे उभा राहिला, चुन्याची रेघ ओढून. त्याच्याशी भांडणारे पुष्कळ होते, कारण रेघेच्या पलीकडची माती काळी होती आणि फुकट होती.

यंदा मे महिन्यातल्या ग्रामसभेत तळ्याचा विषय निघाला. मी पुण्याहून मुद्दाम गेलो होतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची एक निरीक्षण विहीर आमच्या शिवारात आहे, तिची पातळी गावाच्या चावडीवर लिहावी, एवढीच माझी सूचना होती. ती लगेच मान्य झाली, कारण तिनं कुणाचं काही जात नव्हतं. मग दादा उठला आणि म्हणाला, की तळ्यातल्या मोटरी निघाल्या तर मी दुसरा कांदा करणार नाही. काठावर मोटर असलेल्या एकानं विचारलं, ‘‘आन् मी काढली, तर रातच्याला दुसऱ्यानं टाकायची न्हाई, हे कोन बघनार?’’ प्रश्न रास्त होता. सभेत पाऊणतास त्यावर बोलणं झालं. पंचायतीनं वीजजोड तोडावेत असं काहींचं म्हणणं, आळीपाळीनं पहारा ठेवावा असं काहींचं. बायकांच्या बाजूनं आत्यानं सांगितलं, की पहिल्यांदा ज्यांच्या घरी नळ येत नाही त्यांची हंड्याची सोय बघा, मग कांद्याचं बोला. त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. मोटरींचा निर्णय पुढच्या सभेवर गेला.

बांधावरच्या वेड्या बाभळींचं मात्र ठरलं. पावसाआधी बांध साफ करायचा, आणि ज्यांच्या विहिरी बांधाखाली आहेत त्या प्रत्येक घरानं एकेक तुकडा घ्यायचा. चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या घराच्या वाट्याला सांडव्याजवळचा तुकडा आला, जिथली बाभूळ सगळ्यात जुनी आणि जाड आहे. ती नुसती तोडून चालणार नाही. मुळं आत राहिली तर कुजणार, आणि उपटली तर खड्डा पडणार. तो खड्डा थराथरानं, पाणी मारून, चोपूनच भरायला हवा, आणि त्यासाठी काळी माती कुठून आणायची आणि पहिली सर येण्याआधी हे उरकेल का, हे विचारायला दादा सोमवारी तालुक्याला जलसंधारणाच्या उपअभियंत्यांकडे जाणार आहे. आत्या म्हणाली, माती बघायला मी येते.